श्रमिक पत्रकार आणि त्याची संघटना

सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उलगडणाऱ्या माणसाला ते कोणी लिहिले याची चौकशी करावीशी सहसा वाटत नाही. संपादकाचे नाव ठरलेल्या जागी छापलेले असते, एखाद्या बातमीच्या माथ्यावर वार्ताहराचेही नाव असते. परंतु जिल्ह्याहून आलेल्या विस्कळीत मजकुराची ज्याने बातमी केली, तिला मथळा दिला, आणि रात्री दोनच्या सुमारास पहिल्या पानावरील एक मजकूर काढून त्या जागी दुसरा बसवला, तो उपसंपादक वाचकाला अज्ञातच असतो. मुद्रितशोधकाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. त्याचे अस्तित्व वाचकाला जाणवते ते त्याच्या हातून चूक राहिली तरच. या अनामिक मंडळींनी गिरणीकामगारांच्या संपाची वृत्ते लिहिली, प्राथमिक शिक्षकांच्या मोर्चांची वर्णने केली, रेल्वे आणि टपाल खात्यांतील कर्मचाऱ्यांच्या मागण्या देशासमोर मांडल्या. इतरांच्या संघटनांचा हा रोजनिशीकार स्वतःच्या संघटनेविषयी मात्र दीर्घकाळ उदासीन राहिला. तो उदासीन का राहिला, आणि अखेर संघटित झाला तेव्हा त्याच्या पदरात नेमके काय पडले, याचा विचार वेतनाच्या आकड्यांपासून सुरू करण्याची रीत आहे. वस्तुतः तो आरंभ पुष्कळ आधी, आणि एका निराळ्याच ठिकाणी करावा लागतो.

१८८१ साली पुण्यात ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांनी आणि टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. इतके सख्य असूनही सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांची मते जुळेनात, आणि १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. ज्या पत्रात आपल्याला पटलेले लिहिता येत नाही त्या पत्राचे संपादकपद सोडणे, हा सदसद्विवेकबुद्धीने दिलेला निर्णय होता. वर्षभरातच, १८८८ साली, त्यांनी ‘सुधारक’ काढला. मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासात ही घटना आदराने सांगितली जाते, आणि तशी ती सांगितली जावी हे योग्यच आहे. परंतु सांगताना दोन व्यावहारिक गोष्टी बहुधा गाळल्या जातात. पहिली अशी की त्या काळी वृत्तपत्र काढण्यास लागणारे भांडवल एखाद्या निश्चयी माणसाच्या आणि त्याच्या चार स्नेह्यांच्या आवाक्यातील होते. दुसरी अशी की आगरकरांचा चरितार्थ ‘केसरी’वर अवलंबून नव्हता; डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य आणि फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक म्हणून मिळणारे तुटपुंजे का होईना पण निश्चित वेतन त्यांच्या हाती होते. त्यांचे धैर्य यामुळे रतिमात्र उणे होत नाही. एवढेच दिसते की विवेकाने चालणाऱ्या पत्रकारालाही पायाखाली थोडी जमीन लागते.

ही जमीन पुढील पन्नास वर्षांत पत्रकाराच्या पायाखालून सरकत गेली. छपाईची यंत्रे मोठी झाली, त्यांच्या किमती वाढल्या, तारायंत्रांचा, कागदाचा आणि वितरणाचा खर्च वाढला, आणि वृत्तपत्र ही एका मताच्या माणसांची मंडळी न राहता मोठ्या भांडवलावर चालणारी संस्था झाली. मालक एक, व्यवस्थापक दुसरा, लिहिणारे तिसरेच, अशी विभागणी पडली. लिहिणाऱ्याजवळ आता छापखाना नव्हता आणि प्राध्यापकाची नोकरीही नव्हती. होता तो महिन्याचा पगार, आणि तोही पुष्कळ ठिकाणी वेळेवर मिळेल याची शाश्वती नसलेला. तरीही पत्रकारिता हे व्रत आहे, धंदा नव्हे, ही जुनी भाषा तशीच चालू राहिली. व्रत म्हणून ज्यांनी ते आचरले त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की व्रताची भाषा पुढे पगार मागणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरली जाऊ लागली, आणि ती वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या व्यवसायाचा ताळेबंद व्रताशी संबंध नसलेल्या रीतीनेच लिहिला जात होता.

या संदर्भात तीन सने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. वृत्तपत्रांच्या मालकांची अखिल भारतीय संस्था १९३९ साली स्थापन झाली. युद्धकाळातील निर्बंधांना तोंड देण्यासाठी संपादकांची परिषद १९४० साली उभी राहिली. आणि जे पगार घेऊन वृत्तपत्रात प्रत्यक्ष काम करीत होते त्यांचा देशव्यापी महासंघ दिल्लीत स्थापन झाला तो १९५० सालच्या ऑक्टोबर महिन्यात. त्याआधी प्रांतोप्रांती पत्रकारांचे संघ होते. मराठी पत्रकारांची परिषदही १९३९ पासून भरत होती. परंतु या संस्थांत मालक, संपादक आणि उपसंपादक एकाच सतरंजीवर बसत, आणि एका सतरंजीवर बसल्यावर पगाराचा विषय काढणे अशिष्टपणाचे वाटे.

‘इंडियन फेडरेशन ऑफ वर्किंग जर्नालिस्ट्स’ हे या नव्या महासंघाचे नाव. त्याचे पहिले अध्यक्ष लखनौच्या ‘नॅशनल हेराल्ड’चे संपादक एम. चलपती राव. नावातील ‘वर्किंग’ या शब्दासाठी मराठीत ‘श्रमिक’ हा शब्द रूढ झाला, आणि तो अनेकांना खटकला. लेखणी चालवणाऱ्याने स्वतःला श्रमिक म्हणवून घ्यावे यात बुद्धिजीवी वर्गाची मानहानी आहे असे सुशिक्षितांना वाटले. अनेक पत्रकारांनाही वाटले. परंतु या एका शब्दात कायद्याची एक मोठी गाठ दडलेली होती. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यातील कामगाराची व्याख्या शारीरिक वा कारकुनी काम करणाऱ्यापुरती होती. बातमी लिहिणे हे शारीरिक कामही नव्हे आणि कारकुनीही नव्हे. तेव्हा छापखान्यातील खिळे जुळवणाऱ्याला काढले तर त्याला दाद मागण्यास न्यायासन होते, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या उपसंपादकाला काढले तर त्याच्यासाठी तसे न्यायासन नव्हते. प्रतिष्ठा जपण्याच्या नादात जो वर्ग कामगार म्हणवून घेण्यास लाजत होता, तो या लज्जेची किंमत नोकरी गेल्यावर मोजत असे.

महासंघाने प्रथमपासून मागणी केली ती चौकशीची. १९५२ साली भारत सरकारने वृत्तपत्र आयोग नेमला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. जी. एस. राजाध्यक्ष त्याचे अध्यक्ष झाले. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांसंबंधीच्या वादात निवाडा देणारे हेच न्यायाधीश. तेव्हा रात्रपाळी म्हणजे काय हे त्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती. आयोगात एका बाजूला चलपती राव होते, तर दुसऱ्या बाजूला भाषिक वृत्तपत्रांच्या चालकांची अडचण जाणणारे पुण्याचे अ. रा. भट होते. आचार्य नरेंद्र देव, डॉ. झाकिर हुसेन, सर सी. पी. रामस्वामी अय्यर अशी माणसेही होती. देशभरच्या पत्रकारांची स्थिती या आयोगापुढे आली ती विस्कळीत तक्रारींच्या रूपाने नव्हे, तर निवेदनांच्या आणि साक्षींच्या रूपाने. एकाच्या तोंडी जी कुरकुर ठरते तीच शंभरांनी एकत्र मांडली की पुरावा होते. ज्यांनी शासकीय कचेऱ्यांत कागद हलताना पाहिले आहेत त्यांना हा फरक निराळा सांगावा लागणार नाही.

आयोगाने आपले प्रतिवृत्त १४ जुलै १९५४ रोजी दिले. पत्रकारांना औद्योगिक कलह कायद्याचे संरक्षण देणारा छोटा कायदा अंमलात आला तो १२ मार्च १९५५ रोजी. मधल्या आठ महिन्यांत काही ठिकाणी जे घडले त्याची नोंद कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा कायद्याच्या एका कलमातच अधिक स्पष्ट राहिली आहे. १९५५ च्या अखेरीस संसदेने जो मुख्य कायदा केला, त्याच्या चौथ्या कलमात असे म्हटले होते की १४ जुलै १९५४ ते १२ मार्च १९५५ या काळात ज्या पत्रकाराला कामावरून कमी करण्यात आले असेल, त्याला लेखी नोटीस दिली नसल्यास एका महिन्याचे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळावे. कायदे सहसा पुढे पाहतात. हा मागे वळून पाहत होता. कायदा होणार हे दिसताच तो होण्यापूर्वी माणसे कमी करावीत असा हिशेब कोणी केला असेल, तर त्या माणसांना विसरू न देणारे कोणीतरी दिल्लीत असावे लागते. काढून टाकलेला उपसंपादक एकटा असता तर त्याची दखल फार तर एखाद्या स्नेह्याच्या पत्रात घेतली गेली असती; येथे ती अधिनियमात घेतली गेली.

या अधिनियमाची व्याख्याही वाचण्यासारखी होती. ज्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकाराचा आहे आणि जो वृत्तपत्रात त्या नात्याने नोकरीस आहे तो श्रमिक पत्रकार, असे सांगून तीत संपादक, अग्रलेखक, वृत्तसंपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार आणि मुद्रितशोधक यांची एका ओळीत गणना केली होती. संपादक आणि मुद्रितशोधक यांना एका वाक्यात आणणे हे कचेरीतील कोणत्याही व्यवस्थापकाला सुचले नसते. चार आठवड्यांत एकशे चव्वेचाळीस तासांपेक्षा अधिक काम नाही, सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांती, पूर्ण पगारी आणि आजारपणाची रजा, अशा तरतुदी आल्या. १९५७ च्या नियमांनी दिवसपाळी सहा तासांची आणि रात्रपाळी साडेपाच तासांची ठरवली, आणि एका आठवड्याहून अधिक काळ सलग रात्रपाळी देण्यास मनाई केली. या शेवटच्या तरतुदीचे मोल ज्या घरातील कर्ता पुरुष वर्षानुवर्षे पहाटे चारला परत येई त्या घरालाच कळले असेल. कामावरून कमी करताना सामान्य पत्रकाराला तीन महिन्यांची, पण संपादकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी, असेही या कायद्यात होते. संपादकाला अधिक अवधी हा त्याच्या मोठेपणासाठी नव्हता. मालकाचे मत बदलले की पहिला धक्का बसतो तो संपादकाला, आणि त्याला दुसरी तशी जागा सहजासहजी मिळत नाही.

येथपर्यंतचा वृत्तांत विजयाचा आहे. त्यानंतरचा भाग संमिश्र आहे, आणि संघटनेचा खरा उपयोग समजण्यास तोच अधिक उपकारक आहे. मे १९५६ मध्ये न्या. ह. वि. दिवेटिया यांच्या अध्यक्षतेखाली वेतनमंडळ नेमले गेले. मंडळाने वृत्तपत्रांचे उत्पन्नानुसार वर्ग पाडून वेतनदर ठरवले आणि मे १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मोठी वृत्तपत्रे सर्वोच्च न्यायालयात गेली. पत्रकारांना वेगळे काढून सवलती देणे हा समतेचा भंग आहे, आणि वृत्तपत्रांवर असा आर्थिक भार टाकणे हा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा संकोच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९ मार्च १९५८ रोजी न्यायालयाने निकाल दिला. पत्रकार हा स्वतंत्र वर्ग मानता येतो, आणि कामगारविषयक कायदे लागू झाल्याने वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य जात नाही, हे मान्य करून न्यायालयाने अधिनियम बहुतांशी वैध ठरवला. परंतु वेतनमंडळाचा निर्णय मात्र रद्द केला, कारण धंद्याची वेतन देण्याची ऐपत मंडळाने योग्य रीतीने विचारात घेतली नव्हती. शिवाय अधिनियमातील एक तरतूद न्यायालयाने अवैध ठरवली. ती तरतूद अशी होती की तीन वर्षे सेवा झालेल्या पत्रकाराने कोणत्याही कारणाने स्वेच्छेने राजीनामा दिला तरी त्याला उपदान, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात ते, मिळावे.

वेतनाची बाजू लवकर सावरली गेली. १९५८ सालीच नवा कायदा झाला, समिती नेमली गेली आणि १९५९ मध्ये सरकारने सुधारलेले दर लागू केले. हा भाग येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. राजीनाम्याच्या कलमाचे काय झाले ते मात्र सांगितले पाहिजे, कारण तेथे आगरकरांचा प्रश्न परत येतो.

मूळ तरतुदीमागे एक कल्पना होती, आणि ती केवळ भारतातली नव्हती. फ्रान्समध्ये पत्रकारांची राष्ट्रीय संघटना १९१८ साली स्थापन झाली, आणि त्याच वर्षी तिने पत्रकाराच्या कर्तव्यांची सनद तयार केली. हक्कांच्या आधी कर्तव्ये लिहिली गेली ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयाने १९२८ साली पत्रकारांच्या जीवनमानाचा आणि कामाच्या परिस्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आणि संघटनेच्या पाठपुराव्यानंतर २९ मार्च १९३५ रोजी फ्रान्सच्या संसदेने असा कायदा केला की वृत्तपत्राचे स्वरूप वा धोरण लक्षणीयरीत्या बदलले, आणि त्या बदलामुळे पत्रकाराच्या प्रतिष्ठेला किंवा नैतिक हिताला बाध येत असल्याने त्याने नोकरी सोडली, तर जणू मालकानेच त्याला काढले आहे असे समजून त्याला नुकसानभरपाई मिळावी. यालाच विवेकाचे कलम म्हणतात. राजीनामा पत्रकाराने द्यायचा, पण त्याचा खर्च ज्याने धोरण बदलले त्याने सोसायचा, हे या कलमाचे तत्त्व.

भारतात १९५८ च्या निकालाने तीन वर्षांनंतरच्या कोणत्याही राजीनाम्यावर उपदान देणे बंद पडले. १९६२ साली संसदेने अधिनियम दुरुस्त केला. दहा वर्षांच्या सेवेनंतर इतर कोणत्याही कारणाने राजीनामा देणाऱ्यास उपदान मिळेल. आणि तीन वर्षांच्या सेवेनंतर, राजीनाम्याचे कारण सदसद्विवेकबुद्धी हे असेल तर, तेव्हाही मिळेल. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून उठून नोकरीच्या कायद्यात, महिने आणि वर्षे मोजणाऱ्या कलमांच्या मधोमध येऊन बसला. भारतातील इतर कोणत्या नोकरवर्गाला अशी तरतूद मिळाली असेल असे वाटत नाही. या कलमाखाली फार माणसांनी दावे केले असतील असाही संभव कमीच. परंतु एखादे खोटे वृत्त लिहिण्यास नकार देताना उपसंपादकाच्या मनात घरभाडे आणि मुलांची शाळा येते, आणि ती येत असताना हे कलम पुस्तकात असणे व नसणे यांत अंतर आहे. पत्रकार संघटनेचे सभासदत्व म्हणजे वर्गणी भरून पगारवाढ विकत घेणे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९६२ ची ही दुरुस्ती एकदा वाचावी.

कायदा पुस्तकात असणे आणि हातात येणे यांतही अंतर आहेच. अधिनियमाच्या सतराव्या कलमाने अशी सोय केली होती की पत्रकाराचे येणे मालकाने दिले नाही तर त्याने सरकारकडे अर्ज करावा. रक्कम निश्चित झाली की जिल्हाधिकारी ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करून देईल. महसूल खात्याच्या वसुलीची धास्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कलमाची धार कळेल. परंतु तो अर्ज करायचा कोणी? नोकरीत असलेला माणूस मालकाविरुद्ध अर्ज करीत नाही, आणि नोकरी गेलेल्याजवळ वकिलाला देण्यास पैसे नसतात. याचा अलीकडचा पडताळा न्या. मजिठिया यांच्या वेतनमंडळाच्या वेळी आला. त्या मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. शिफारशींत एक पोटकलम असे होते की ज्याला जुनेच वेतन ठेवायचे असेल त्याने ठरावीक मुदतीत तसा विकल्प द्यावा. मग ठिकठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या सह्यांची पत्रे निघू लागली की आम्हांला नवे वेतन नको, जुने पुरे आहे. मनुष्यस्वभावाचा ज्यांना थोडाबहुत परिचय आहे त्यांना अशा निरिच्छपणाचा अर्थ सांगावा लागत नाही. व्यवस्थापकाच्या खोलीत एकेकाला बोलावले की कागदावर सही होते. दहाजण मिळून गेले असता ती बहुधा होत नाही. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९ जून २०१७ रोजी न्यायालयाने सांगितले की कायद्याने ठरलेल्या किमान वेतनाखाली जाणारा असा विकल्प बंधनकारक नाही, आणि कंत्राटी पत्रकारांनाही या शिफारशी लागू आहेत. प्रत्येकाची प्रत्यक्ष रक्कम ठरवण्यासाठी मात्र न्यायालयाने मार्ग दाखवला तो सतराव्या कलमाचाच. म्हणजे अर्ज, सुनावणी, पुरावा आणि पुन्हा तारीख. या वाटेवर एकट्याने चालणे कठीण.

संघटनेवर घेतले जाणारे आक्षेप सगळेच पोकळ नाहीत. कामगार चळवळीशी बांधलेला पत्रकार कामगारांच्या संपाविषयी तटस्थपणे लिहील काय, हा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर एवढेच की मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला पत्रकार मालकांविषयी तटस्थपणे लिहील काय, असाही प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारला जात नाही. याहून गंभीर आक्षेप संघटनांच्या वर्तनाविषयी आहे. काही संघ ओळखपत्रे, भूखंड आणि प्रवासाच्या सवलती यांपुरते उरतात. शासनाकडून घ्यायचे आणि शासनावर टीकाही करायची अशी कसरत त्यांना करावी लागते, आणि तीत टीका मागे पडते. फाटाफूटही झाली. १९७२ साली महासंघाखेरीज दुसरी देशव्यापी संघटना निघाली, पुढे आणखी निघाल्या. फाटाफुटीचा तोटा कोठे दिसतो, तर प्रतिनिधित्वात. १९७८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या वृत्तपत्र परिषदेत अध्यक्षांखेरीज अठ्ठावीस सदस्यांची तरतूद झाली. त्यांपैकी तेरा पत्रकार, आणि त्या तेरांत सात संपादक नसलेले. ही नावे सुचवण्याचा अधिकार व्यक्तीला नाही, परिषदेने मान्य केलेल्या संघटनांना आहे. जो कोणत्याही संघटनेत नाही त्याचे मत तेथवर पोचण्याची वाट कायद्यातच ठेवलेली नाही. आणि संघटना आपसांत भांडत असतील तर असून नसल्यासारखीच.

संघटित प्रयत्नाचे आणखी एक फळ महाराष्ट्रात २०१७ साली दिसले. पत्रकारांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा ही मागणी येथील पत्रकार संघटना बरीच वर्षे करीत होत्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले. हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, आणि वैद्यकीय खर्चाची व नुकसानीची भरपाई, अशी त्यात तरतूद आहे. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारासही शिक्षा आहे. हा शेवटचा भाग संघटनांना फारसा रुचला नसावा, पण तो असणे वावगे नाही.

१९५५ चा तो अधिनियम आज स्वतंत्रपणे उरलेला नाही. २०२० साली संसदेने संमत केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणलेल्या श्रमसंहितांत तो विलीन झाला. व्याख्या रुंदावली, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि संगणकीय माध्यमांतील पत्रकारही तीत आले. एकशे चव्वेचाळीस तासांची मर्यादा राहिली. उपदानासाठी इतरांना पाच वर्षांची, तर पत्रकारांना तीन वर्षांची सेवा पुरेशी ठरली. परंतु पत्रकारांसाठी वेतनमंडळ नेमण्याची जुनी तरतूद त्या स्वरूपात राहिली नाही. हा पालट पत्रकारांच्या हिताचा की अहिताचा याविषयी मतभेद आहेत. वेतनमंडळे वर्षानुवर्षे चालत आणि त्यांचे निर्णय न्यायालयांत अडकत हे खरेच. तथापि मंडळ असले की पत्रकारांच्या प्रतिनिधीला मालकांच्या प्रतिनिधीसमोर खुर्ची मिळे, आणि ती खुर्ची संघटनेमुळे मिळे.

या सगळ्या व्यवस्थेच्या कडेला जो उभा आहे तो तालुक्याचा वार्ताहर. १९८१ च्या सुमारास व्याख्येत दुरुस्ती होऊन अर्धवेळ पत्रकारही तीत आला. म्हणजे कागदावर हा वार्ताहर श्रमिक पत्रकार झाला. प्रत्यक्षात तो गावात किराणा दुकान चालवतो किंवा शेती करतो, वृत्तपत्राची एजन्सी घेतो, दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करतो, आणि फावल्या वेळात नव्हे तर अवेळी उठून बातमी पाठवतो. पाटबंधाऱ्याच्या कामातील गोलमाल असो वा रेशनच्या धान्याचा काळाबाजार असो, ती बातमी प्रथम त्यालाच कळते. आणि ती छापल्यावर ज्या माणसाशी गाठ पडते तो त्याच्याच बाजारपेठेत राहतो. जिल्ह्याच्या संघात त्याला सभासद करून घ्यायचे की नाही यावर कित्येक ठिकाणी शहरी सभासदांनीच नाक मुरडलेले आहे, कारण त्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकाराचा नाही. व्याख्येतील हे दोन शब्द ज्या हेतूने आले तो त्याला वगळण्याचा नव्हता.

त्याची पहिली अडचण वेतनाची नाही. त्याच्याजवळ आपण अमुक वृत्तपत्राचे वार्ताहर आहोत हे सांगणारा कागदच नसतो. असते ते एखादे जुने ओळखपत्र, त्यावरची मुदत संपलेली. वसुलीचा अर्ज असो, हल्ल्याची फिर्याद असो, उपदानाचा दावा असो, प्रत्येकाच्या आरंभी नियुक्तिपत्राची प्रत जोडावी लागते. नव्या संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. जिल्ह्याच्या पत्रकार संघाने पुढल्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा, तालुक्यांच्या वार्ताहरांची यादी करावी, आणि ती घेऊन दोनचार पदाधिकाऱ्यांनी एकेका वृत्तपत्राच्या कचेरीत जावे. या कामाला वर्गणीखेरीज फारसा खर्च येत नाही.